पशूंतील सोडियम असंतुलन व त्यावरील उपचारांचा इतिहास

रक्तद्रवातील (रक्तातील कोशिकारहित द्रव भागातील) सोडियमाचे प्रमाण प्राकृत मर्यादेच्या फार खाली किंवा फार वर गेल्याने जी विकृत अवस्था उद्‌भवते तिला सोडियम असंतुलन म्हणतात. कुत्र्याच्या रक्तद्रवात दर लिटरमागे सर्वसाधारणपणे १४० ते १५५ मिलिमोल सोडियम असते. मांजरात ते किंचित अधिक असते. कुत्र्यात हा आकडा १२० च्या खाली उतरला अथवा १७० च्या वर चढला म्हणजे मेंदूच्या कार्यात बिघाड दिसू लागतो. जनावर सुस्त होते, अडखळत चालते, त्यास दिसेनासे होते, आचके येतात व अखेरीस ते बेशुद्ध होऊन मरण पावते. त्यामुळे या विकृतीची गणना पशुवैद्यकातील तातडीच्या प्रसंगांत होते. तथापि तातडीच्या इतर बहुतेक प्रसंगांहून ही विकृती एका बाबतीत वेगळी आहे. बिघडलेला आकडा घाईने पूर्ववत केल्यास त्या दुरुस्तीनेच जनावर दगावू शकते. ही गोष्ट ध्यानात येण्यास दीडशे वर्षे लागली, आणि ती ज्या प्राण्यांवरील प्रयोगांतून ध्यानात आली त्या प्राण्यांच्या चिकित्सेपर्यंत ती पोहोचण्यास आणखी काही काळ जावा लागला.

शरीरातील बहुतेक सोडियम कोशिकांच्या बाहेरील द्रवात असते. कोशिकेच्या पटलातून पाणी सहज ये-जा करते, पण सोडियम तसे करू शकत नाही. म्हणून बाहेरील द्रवात सोडियम वाढले की, तर्षणामुळे पाणी कोशिकांतून बाहेर ओढले जाऊन त्या आक्रसतात आणि सोडियम घटले की, पाणी आत शिरून त्या फुगतात. इतर ऊतकांना (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहांना) हा फरक काही काळ सोसतो. मेंदू मात्र कवटीत बंदिस्त असल्याने त्यास फुगण्यास जागा नसते आणि आक्रसल्यास त्याला कवटीशी जोडणाऱ्या नाजूक नीला ताणून तुटतात. येथे एक गोष्ट लक्षात ठेवावयास हवी. रक्तद्रवातील सोडियमाचा आकडा शरीरात एकूण किती सोडियम आहे हे सांगत नाही, तर पाण्याच्या मानाने ते किती आहे एवढेच सांगतो. हृदयविकाराने सुजलेल्या कुत्र्याच्या शरीरात मीठ गरजेपेक्षा जास्त साठलेले असूनही हा आकडा कमी असू शकतो. हा भेद न उमगल्याने पूर्वी अनेक चुका झाल्या व आजही होतात.

शिरेतून लवण-विद्राव देण्याची कल्पना पटकीच्या साथीतून पुढे आली. १८३१ मध्ये ही साथ इंग्लंडमधील संडर्लंड येथे पोहोचली, तेव्हा विल्यम ब्रुक ओशॉनेसी या तरुण आयरिश वैद्याने रोग्यांच्या रक्ताचे रासायनिक विश्लेषण करून त्यातील पाणी व लवणे घटल्याचे दाखवून दिले. (हेच ओशॉनेसी १८३३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत कलकत्त्यास आले व पुढे हिंदुस्थानात तारायंत्राचे जाळे उभारण्यात त्यांनी प्रमुख भाग घेतला.) त्यांच्या निष्कर्षांवरून स्कॉटलंडमधील लीथ येथील टॉमस लॅटा यांनी १८३२ मध्ये मरणोन्मुख रोग्यांच्या नीलांत लवण-विद्राव सोडला. त्यांतील काही रोगी थोड्याच वेळात उठून बसण्याइतके सावरले. परंतु त्या काळी निर्जंतुकीकरण अज्ञात होते आणि विद्राव किती संहत असावा याला कोणतेही शास्त्रीय मापही नव्हते. साथ ओसरताच ही पद्धतही मागे पडली.

ते माप पुढे मिळाले ते पशुवैद्यकाच्या एका विद्यालयात, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. डच शरीरक्रियावैज्ञानिक हार्टोग याकोप हॅम्बर्गर हे १८८८ ते १९०१ या काळात उत्रेक्त येथील सरकारी पशुवैद्यक विद्यालयात अध्यापक होते. वनस्पतिवैज्ञानिक ह्यूगो द व्ह्‌रीस यांनी वनस्पतींच्या कोशिका निरनिराळ्या विद्रावांत ठेवून त्या विद्रावांच्या तर्षण दाबांची तुलना केली होती. तीच रीत हॅम्बर्गर यांनी रक्ताला लावली. जनावरांच्या रक्तातील तांबड्या कोशिका निरनिराळ्या संहतींच्या मिठाच्या विद्रावांत ठेवून कोणत्या विद्रावात त्या फुटतात व कोणत्यात शाबूत राहतात याचे त्यांनी पद्धतशीर निरीक्षण केले. त्या काळात बेडकाच्या ऊतकांसाठी वापरला जाणारा सुमारे ०·६% विद्रावच सर्रास ‘शरीरक्रियात्मक’ मानला जात असे. सस्तन प्राण्यांच्या रक्तास तो अपुरा असून सुमारे ०·९% विद्राव त्या रक्ताशी समतर्षणी (तेवढाच तर्षण दाब असलेला) ठरतो, असे हॅम्बर्गर यांच्या निरीक्षणांवरून दिसून आले. आज जगभर मानवाच्या व जनावरांच्या नीलांत जो ‘प्राकृत लवण-विद्राव’ सोडला जातो त्याचे मूळ येथे आहे. त्यास प्राकृत म्हणणे पूर्णतः बरोबर नाही. त्याच्या दर लिटरमध्ये सोडियम व क्लोराइड प्रत्येकी १५४ मिलिमोल असते आणि एवढे क्लोराइड कोणत्याही पाळीव सस्तन प्राण्याच्या रक्तद्रवात नसते. सिडनी रिंगर यांनी १८८२-८३ मध्ये बेडकाच्या हृदयावरील प्रयोगांतून पोटॅशियम व कॅल्शियम यांची आवश्यकता दाखविली आणि अमेरिकेतील बालरोगतज्ञ ॲलेक्सिस हार्टमन यांनी १९३० नंतर त्या विद्रावात लॅक्टेटाची भर घातली. गुरे, घोडे व कुत्री यांच्या चिकित्सेत हे दोन्ही विद्राव पुढे रूढ झाले.

मेंदूवरील परिणामाचा प्रत्यक्ष पुरावा पहिल्या महायुद्धानंतर मिळाला. लुइस वीड व पॉल मॅकिबन यांनी १९१९ मध्ये मांजरांच्या नीलांत तीव्र लवण-विद्राव सोडला असता मेंदू आक्रसतो व निव्वळ ऊर्ध्वपातित पाणी सोडले असता तो फुगतो, असे दाखविले. १९२३ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील लेनर्ड राउनट्री यांनी ‘जलविषबाधा’ या अवस्थेचे वर्णन केले. कुत्र्यांना नळीवाटे वारंवार भरपूर पाणी पाजल्यास त्यांना लाळ सुटते, वांत्या होतात, थरकाप होतो व शेवटी आचके येतात. अशा वेळी तीव्र लवण-विद्राव दिल्यास ती सावरतात, असे त्यांना आढळले. येथे हे ध्यानात घेतले पाहिजे की, हा बिघाड काही तासांत घडविलेला होता. तासांत घडलेला बिघाड तासांत दुरुस्त केला तर अपाय होत नाही. या प्रयोगांच्या यशामुळे सोडियम कमी झालेले दिसताच ते तत्परतेने वाढवावे असा समज पक्का झाला व पुढील अर्धशतकभर तो टिकून राहिला.

सोडियम शरीरात राखले कसे जाते याचा उलगडाही मुख्यत्वे कुत्र्यांवरील प्रयोगांतूनच झाला. अधिवृक्क ग्रंथी काढून टाकलेली मांजरे व कुत्री त्या ग्रंथींच्या बाह्यकाचा अर्क देऊन जगविता येतात, हे स्विंगल व फिफनर यांनी १९३०-३१ मध्ये सिद्ध केले. अशा कुत्र्यांच्या मूत्रातून सोडियम वाहून जाते, असे रॉबर्ट लोब व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३३ मध्ये दाखविले. पाण्याच्या नियंत्रणाची दुसरी बाजू केंब्रिज येथील अर्नेस्ट व्हर्नी यांनी उलगडली. शांत बसण्यास शिकविलेल्या कुत्र्यांच्या मानेतील रोहिणीत थोडासा तीव्र लवण-विद्राव सोडताच मूत्राचे प्रमाण घटते, यावरून मेंदूत तर्षण दाब जाणणारी ग्राहके असून त्यांच्या आज्ञेने पोष ग्रंथीतून मूत्ररोधी हॉर्मोन स्रवते, असे त्यांनी १९४७ मध्ये मांडले. मात्र या सर्व प्रयोगांत कुत्रा साधन होता, रुग्ण नव्हता. ज्या विकाराचा अभ्यास त्याच्या ग्रंथी काढून इतकी वर्षे चालला होता तो त्याला निसर्गतःही होतो, हे विकृतिवैज्ञानिक विल्यम हॅडलो यांनी १९५३ मध्ये नोंदविले. (मेंढ्यांचा स्क्रेपी व मानवाचा कुरू या रोगांतील साम्य १९५९ मध्ये प्रथम दाखविणारे हॅडलो हेच होत.)

पशुवैद्यकाने या विषयात आपली स्वतंत्र भर घातली ती डुकरांच्या गोठ्यांतून. डुकरांना ‘मिठाची विषबाधा’ होते हे पूर्वीपासून माहीत होते. खारवलेल्या मांसाचे पाणी, पनीर करताना उरलेली निवळी किंवा बेकरीतील उरलेसुरले पदार्थ खाऊ घातल्यावर ती होते, म्हणून मिठाकडे दोष जाई. विस्कॉन्सिन येथील बोस्टेट व ग्रमर यांनी १९५४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांवरून असे दिसले की, पिण्यास मुबलक पाणी असेल तर डुकरे पुष्कळ मीठ पचवितात. पाणी तोडले तर मात्र बेताच्या मिठानेही ती बाधतात. म्हणजे विष मिठाचे नसून तहानेचे होते. कॅनडातील डी. एल. टी. स्मिथ यांनी १९५७ मध्ये या रोगाचा मेंदूतील इओसिनोफिल कोशिकांच्या विशिष्ट दाहाशी संबंध जोडला. त्यापूर्वी हा दाह एक स्वतंत्र गूढ विकार समजला जात होता.

गोठ्यातील चित्र ठराविक असते. थंडीत पाण्याची नळी गोठते, किंवा पाण्याचा पुरवठा करणारे यंत्र नादुरुस्त होते व एक-दोन दिवस ते कोणाच्या लक्षात येत नाही. डुकरे प्रथम अस्वस्थ असतात, पण जिवंत असतात. मग दोष ध्यानात येतो, पाणी सुरू होते, डुकरे त्यावर तुटून पडतात आणि थोड्याच वेळात आचके देऊ लागतात. जनावर भिंतीला डोके लावून उभे राहते, दिशाहीन फिरते, कुत्र्यासारखे बसून मान मागे फेकते, पडते व ठराविक अंतराने पुन:पुन्हा तेच घडते. तहानेने न मेलेली डुकरे पाण्याने मरतात, हा अनुभव शेतकऱ्यास अनाकलनीय वाटणे स्वाभाविक होते. तहानलेल्या जनावराला थोडे थोडे पाणी वारंवार द्यावे, एकदम पोटभर देऊ नये, हा नियम यातूनच पशुवैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत आला. वासरांनाही तो लागू पडतो. बराच वेळ पाणी न मिळालेली वासरे एकदम भरमसाट पाणी पितात तेव्हा त्यांच्या रक्तातील तांबड्या कोशिका फुटून मूत्र लाल होते.

या नियमाला निसर्गात एक ठळक अपवाद आहे. नूट श्मिट-नील्सन यांनी १९५३-५४ मध्ये अल्जीरियातील बेनी अब्बास येथील मरूद्यानात उंटांचा अभ्यास केला. शरीराच्या वजनाच्या सुमारे चतुर्थांश इतके पाणी गमावलेला उंट दहा-पंधरा मिनिटांत शंभर लिटरच्या आसपास पाणी पितो व त्यास काही होत नाही. त्याच्या रक्तातील लंबगोल तांबड्या कोशिका दुपटीहून अधिक फुगल्या तरी फुटत नाहीत. कुत्रा, डुक्कर वा वासरू यांना ही मुभा नाही.

पाणी परत मिळाल्यावर मेंदू का फुगतो याचे उत्तर १९५५ मध्ये मॅकडॉवेल व त्यांचे सहकारी यांनी सुचविले. रक्तातील सोडियम दीर्घकाळ वाढलेले राहिल्यास कोशिका स्वतःच्या आत तर्षण दाब वाढविणारे पदार्थ साठवितात व आपले आकारमान टिकवितात. हे पदार्थ म्हणजे मुख्यतः इनॉसिटॉल, टॉरीन, ग्लुटामीन यांसारखी लहान कार्बनी संयुगे होत, हे नंतरच्या दशकांत स्पष्ट झाले. असा मेंदू एक-दोन दिवसांत नव्या परिस्थितीशी जुळवून घेतो. पण साठविलेले पदार्थ त्याला तितक्याच त्वरेने बाहेर टाकता येत नाहीत. बाहेरचे सोडियम झपाट्याने उतरविले की, पाणी मेंदूत शिरते. लॉरेन्स फिनबर्ग व लट्रेल यांनी १९५९ मध्ये मांजरांवरील प्रयोगांत सोडियम वाढल्याने मेंदूभोवती होणारा रक्तस्राव दाखविला. उलट बाजू १९६९ मध्ये हॉगन व त्यांच्या सहकाऱ्यांनी सशांवर दाखविली. दीर्घकाळ सोडियम वाढलेल्या सशांत ते वेगाने पूर्ववत केले असता आचके येत.

सोडियम कमी असलेल्या रुग्णातील धोका याहून उशिरा व अधिक वादानंतर मान्य झाला. ॲडम्स, व्हिक्टर व मॅनकॉल यांनी १९५९ मध्ये मद्यासक्त व कुपोषित माणसांच्या मस्तिष्क स्तंभातील तंत्रिकांचे वसावरण (मायेलिन) नष्ट होण्याच्या एका विकाराचे वर्णन केले होते. त्याचे कारण प्रथम कळले नव्हते. १९८१ मध्ये क्लाइनश्मिट-डीमास्टर्स व नॉरेनबर्ग यांनी उंदरांत आणि १९८३ मध्ये रॉबर्ट लॉरेनो यांनी कुत्र्यांत हा विकार प्रयोगाने घडवून आणला. काही दिवस सोडियम कमी ठेवलेल्या कुत्र्यांना तीव्र लवण-विद्राव देऊन ते झटपट वाढविल्यावर ती प्रथम सुधारली व काही दिवसांनी चारही पाय ताठरून पडली. ज्यांचे सोडियम कमीच राहू दिले त्यांच्या मेंदूत ही इजा आढळली नाही. रिचर्ड स्टर्न्स यांनी १९८६ मध्ये मानवी रुग्णांच्या आधारे हाच निष्कर्ष मांडल्यावर मानवी वैद्यकाने आपली पद्धत बदलली.

प्रयोगात कुत्र्याला पक्षाघात होतो हे १९८३ मध्ये छापून आले होते. पण दवाखान्यात उपचारासाठी आलेल्या दोन कुत्र्यांना नेमके तेच झाल्याची नोंद डेनिस ओब्रायन व सहकाऱ्यांनी केली ती १९९४ मध्ये. मधल्या अकरा वर्षांत अशी जनावरे किती दगावली असतील हे सांगता येत नाही, कारण उपचारानंतर तीन-चार दिवसांनी आलेला पक्षाघात त्या उपचाराचाच परिणाम आहे हे कोणाच्या मनात येत नव्हते. पहिल्या दिवशी जनावर सुधारलेले पाहून त्यास घरी पाठविले जाई. कुत्र्यात ही इजा माणसाप्रमाणे मस्तिष्क स्तंभात नव्हे, तर बहुधा थॅलॅमसमध्ये होते हेही या नोंदींतून कळले. त्याच सुमारास स्टीफन डिबार्टोला यांचा लहान जनावरांच्या द्रव-उपचारांवरील ग्रंथ (१९९२) प्रसिद्ध झाला व या विषयाला पशुवैद्यकीय शिक्षणात स्वतंत्र स्थान मिळाले.

अधिवृक्क ग्रंथींची न्यूनता असलेली कुत्री या धोक्याला विशेषेकरून बळी पडतात. आतड्यातील चाबूक कृमींमुळेही कधीकधी तसेच चित्र दिसते. अशा रुग्णात सोडियम कमी व पोटॅशियम इतके जास्त असते की, हृदय बंद पडण्याची भीती असते. म्हणून प्राकृत लवण-विद्राव भरभर देणे भाग पडते. जोवर जनावराचे रक्ताभिसरण खालावलेले व स्टेरॉइड हॉर्मोन अपुरे असते तोवर मूत्ररोधी हॉर्मोन स्रवत राहून पाणी अडविले जाते. उपचार लागू पडताच हा स्राव एकाएकी थांबतो, वृक्कांतून पाणी वाहून जाते आणि वैद्याने योजल्यापेक्षा कितीतरी वेगाने सोडियम चढते. विद्राव सौम्य निवडूनही अपघात का घडतात, याचे उत्तर यात आहे. १९६७ मध्ये तयार झालेले डेस्मोप्रेसीन हे कृत्रिम मूत्ररोधी हॉर्मोन मूळचे बहुमूत्रतेच्या एका प्रकारावरील औषध; सोडियमाचा वेग आवरण्यासाठी पशुवैद्य आता त्याचाही उपयोग करतात.

हे सर्व नियंत्रण मोजणीवर अवलंबून आहे. ज्योत प्रकाशमापक १९४० नंतरच्या दशकात वापरात येईपर्यंत सोडियम मोजणे हे रसायनशाळेतील वेळखाऊ काम होते; एका रुग्णाचे दिवसातून चार वेळा मोजमाप करणे अशक्यच होते. आयन-निवडक विद्युत्‌ अग्रे आणि १९९० नंतर हातात मावणारी उपकरणे आल्यावर रक्ताच्या काही थेंबांवरून दर दोन-चार तासांनी मोजणी शक्य झाली.

रूढ नियमानुसार असंतुलन दोन दिवसांपेक्षा जुने असेल किंवा केव्हापासूनचे हे कळत नसेल, तर सोडियमातील बदल ताशी ०·५ मिलिमोलाच्या व दिवसाकाठी १० ते १२ मिलिमोलांच्या आत ठेवतात. उदा., २० किग्रॅ. वजनाच्या कुत्र्याचे सोडियम १८० असून ते १४५ वर आणावयाचे असेल, तर शरीरातील पाणी वजनाच्या ६०% धरून त्यास सुमारे २·९ लिटर पाण्याची तूट आहे असे गणित निघते. एवढे पाणी शिरेवाटे ग्लुकोज-विद्रावाच्या रूपाने काही तासांत सहज देता येते. पण ३५ मिलिमोलांचा उतार नियमाप्रमाणे घडविण्यास ७० तास, म्हणजे जवळजवळ तीन दिवस लागतात. रक्ताभिसरण कोलमडले असेल तर प्रथम जनावराच्या रक्तद्रवाइतक्याच सोडियमाच्या विद्रावाने ते सावरतात व मगच पाण्याची तूट भरावयास घेतात. काही तासांपूर्वीच घडलेल्या बिघाडात ही मर्यादा लागू नाही. आचके येणाऱ्या व सोडियम कमी असलेल्या जनावरास तीव्र लवण-विद्रावाची थोडी मात्रा देऊन आकडा चार-सहा मिलिमोलांनी तत्काळ चढवितात व तेथेच थांबतात.

असंतुलनाची कारणे पुष्कळदा घरातच असतात. बहुमूत्रता असलेला कुत्रा घर ओले करतो म्हणून त्याचे पाणी रात्री काढून ठेवले जाते आणि सकाळपर्यंत त्याचे सोडियम धोक्याच्या पातळीला जाते. समुद्रकिनारी खेळताना गिळलेले खारे पाणी आणि मुलांच्या खेळण्यासाठी मीठ घालून मळलेली कणीक यांनीही कुत्री मेली आहेत. यांत सर्वांत खेदजनक कारण उपचाराचे आहे. विषारी पदार्थ खाल्लेल्या कुत्र्याला वांती व्हावी म्हणून मिठाचे पाणी पाजण्याचा सल्ला पूर्वी सर्रास दिला जाई. वांती झाली नाही तर सर्व मीठ शरीरात शिरते. अशा मृत्यूंची नोंद झाल्यावर पशुवैद्यकाने ही रीत त्याज्य ठरविली, परंतु घरगुती उपाय म्हणून ती अद्यापि पुरती नाहीशी झालेली नाही.

ताशी ०·५ मिलिमोलाची मर्यादा मुख्यत्वे प्रायोगिक प्राणी व मानवी रुग्ण यांवरून घेतलेली आहे. २०१९ पासून मानवी रुग्णांच्या मोठ्या नोंदसंग्रहांच्या काही अभ्यासांत, प्रौढांमध्ये वाढलेले सोडियम याहून वेगाने उतरविल्यास विशेष अपाय दिसत नाही असे आढळले. कमी सोडियमाच्या बाबतीतही फार मंद दुरुस्तीचे तोटे पुढे मांडले गेले आहेत. कुत्री व मांजरे यांच्या उपलब्ध नोंदी यावर निर्णय देण्याइतक्या विपुल नाहीत. त्यामुळे पशुवैद्य आजही जुनी मर्यादाच पाळतात व दर काही तासांनी रक्त तपासून विद्रावाचा वेग बदलतात.